निघालो सहस्रकुंडला, अडकलो कापसाच्या रानात

लेकीला समजवायला एवढा प्रवास करणारा बाप लातूरमध्ये मी एकटाच असेन. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात सुरू केलेल्या माझ्या जीवशास्त्राच्या क्लासमधून गावोगावची पोरं डॉक्टर झाली, आणि घरची मुक्ता म्हणते, मेडिकल नको, किडे शिकायचेत! सगळं त्या रझियाआपांच्या पुस्तकामुळं. नांदेडच्या या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी फवारणीपायी रानातली पाखरं कशी गेली ते असं लिहिलं, की आमच्याकडं लोक औषधाच्या डब्याकडं संशयानं बघू लागले. म्हटलं, मुक्ताला घेऊन जाऊ आणि 'आधी मेडिकल' हे त्यांच्याच तोंडून वदवून घेऊ.

लातूरहून सकाळची एसटी अहमदपूरमार्गे नांदेडला जाते. उजवीकडची सीट धरू नका, ऊन भाजून काढतं. नांदेडला तहरी, म्हणजे तिथला मसालेभात, खाल्ला; स्वस्त आणि पोटभर. मग आपांना घेऊन जीपनं भोकर, हिमायतनगर करत इस्लापूर गाठलं. रस्त्यानं माझी कंबर खिळखिळी केली. आपा मात्र मुक्ताला तारांवरची पाखरं दाखवत मजेत होत्या.

सहस्रकुंडचा धबधबा पावसाळा सरताना बघावा. खडक निसरडे असतात, चपला घालून शहाणपणा करू नका. तिथंच मी विषय काढला. "आपा, हिला सांगा, आधी डॉक्टर हो, मग किडे."

"मी सांगितलं तर ऐकेल ती," आपा हसल्या. "पण सर, तिला काम करताना बघितलंत का कधी?"

नव्हतं बघितलं. त्या आम्हाला ओळखीच्या मारोतरावांच्या कापसात घेऊन गेल्या. मारोतराव पाठीवर पंप चढवत होते. मुक्तानं पानं उलटायला सुरुवात केली.

"काका, थांबा. हा मावा, आणि ह्या काळ्या अळ्या मावा खातात. फवारलं तर ह्याच आधी मरतील."

मारोतरावांनी पान निरखलं, मग माझ्याकडं वळले. "सर, तुम्ही शिकवता म्हणं. पोरगी खरं बोलून राहिली का?"

मुक्ता माझ्याकडं बघत होती. हो म्हणालो तर माझा सगळा बेत पाण्यात, आणि नाही म्हणावं तर पोटच्या पोरीला खोटं पाडायचं.

"हाव," मी म्हणालो. "खरंय."

मारोतरावांनी पंप उतरवला. आठवडाभर वाट बघतो म्हणाले. परतीच्या वाटेवर मुक्ता किड्यांबद्दल अखंड बोलत राहिली, आणि मीही न पेंगता ऐकलं. मजा आली, लपवत नाही.

लातूरला उतरलो तर स्टँडवरच एक पालक भेटले. "सर, मुक्ताचं मेडिकलचं पक्कं ना?"

"नाही. ती कीटकशास्त्राला जाणार."

त्यांचा चेहरा पडला. "अरेरे. नंबर लागणार नाही म्हणून का?"

"लागला असता की," मी म्हणालो. "मीच शिकवलंय तिला."