उंबऱ्यावरची पावलं

आमच्या इमारतीच्या उंबऱ्यावर लक्ष्मीची चिमुकली पावलं रंगवली आहेत. येता-जाता ती दिसली की मी नजर वळवते.

यांना अर्धांगवायू झाल्यापासून मी सोसायटीच्या मागे लागले होते, पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार करा म्हणून. अखेर तो झाला, कठडाही लागला. पण काम चालू असताना कुणाच्या तरी लक्षात आलं, की मुख्य दाराला उंबराच नाही. लगेच चार बोटं उंच काळा ग्रॅनाइट बसवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

त्याच संध्याकाळी मी यांना हौसेनं लिफ्टनं खाली आणलं. खुर्चीची पुढची चाकं उंबऱ्याला अडली. मी जोर लावला, तशा शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, "अगं, चाक नको घालूस त्यावर! थांब, माणसं बोलावते."

चार भली माणसं धावत आली. त्यांनी यांना खुर्चीसकट उचललं. यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. उतारावर एवढंच म्हणाले, "मला पुन्हा खाली आणू नकोस."

उंबरा काढा म्हटलं, तर अध्यक्ष खरोखरच दचकले. "वहिनी, उंबरा कसा काढायचा?"

कुणावर चिडू? दार म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ते ओलांडणारं पाऊलच येतं. माझ्याही यायचं.

हे आता दिवसभर वर खिडकीशी बसतात. खाली पावलं पुन्हा नव्यानं रंगवलीत. आपल्याकडे लक्ष्मीसुद्धा चालतच येते.