बसलं की पाय भांडतात

भाऊंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागतं.

“साहेब, बसलं की पाय भांडतात,” असं म्हणत ते उठायचे. निफाडजवळच्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये मी मॅनेजर होतो, ते मुकादम. खोके दुमडायचं कामही ते चालत चालत करायचे. शेडच्या या टोकाला हातात नुसता पुठ्ठा, त्या टोकाला पोचेपर्यंत खोका तयार.

त्यांना बायपोलर आजार होता. चहा पिताना त्यांनीच एकदा विश्वासानं सांगितलं. “आधीच्या गोळीनं लय झोप यायची. नातीची हाकसुद्धा ऐकू येईना. डॉक्टरांना म्हटलं, बदला. आता डोकं ठिकाणावर हाय, पाय तेवढे ऐकत नाय.”

“मग सोडून द्या ही पण.”

“मनानं सोडली होती एकदा. चार गुंठ्यांसाठी दोन ट्रॅक्टर ठरवून आलो!” ते हसले. “डॉक्टर म्हणाले, डोस कमी करून बघू. तोवर चालायचं.”

हंगामाच्या ऐन भरात एकदा कंटेनर भरायचा म्हणून मी पॅकिंग करणाऱ्या बायकांची जेवणाची सुट्टी पुढे ढकलली. पेठ-सुरगाण्याकडच्या त्या बायका सकाळपासून गारठ्यात उभ्या होत्या. भाऊ माझ्या टेबलाशी आले.

“माणसं हायेत ती, साहेब! आधी जेवू द्या त्यांना!”

आवाज चढला होता, पाय थांबत नव्हते. मी सगळ्यांदेखत विचारलं, “भाऊ, आज गोळी घेतली नाही का?”

सगळे हसले. ज्यांच्यासाठी ते भांडत होते, त्यांतल्याही काही जणी हसल्या.

भाऊ खुर्चीवर बसले. दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरत म्हणाले, “घेतली साहेब. तिच्यानंच तर पाय हलतात.”

बायका कंटेनर गेल्यावरच जेवल्या. त्यानंतर भाऊ काहीही बोलले की कुणीतरी माझाच प्रश्न विचारायचं. पुढच्या हंगामाला ते आले नाहीत.

आता ते नाहीत. शेवटचे भेटले ते नाशिकच्या बसस्टँडवर. नवी गोळी मानवली होती. माझ्या शेजारी बाकावर ते चक्क बसून राहिले. माझ्या हातात औषधांची पिशवी होती. त्यांची बस लागली तसे उठले आणि वाकून हळूच म्हणाले, “साहेब, गोळ्या घेता ना वेळेवर?”

मी त्यात टोमणा शोधला. नव्हता.

“घेतो,” एवढंच म्हणालो.

‘भाऊ, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. चुकलं माझं,’ हे ओठांवर आलं, तेव्हा बस वळली होती.