आमच्या मिरचीचे शेजारी

बाहेरच्या शेताला हंगाम असतो. आमच्या पॉलीहाऊसमध्ये रंगीत ढोबळी मिरची बारमाही, आणि किस्सेही बारमाही! सेलूजवळ ते उभारल्यापासून इतके साचलेत, की कुणी चहाला बसलं की एखादा सांडतोच.

*

एका भिंतीला ओले पॅड, समोर मोठाले पंखे. म्हणजे अख्ख्या पिकाला कूलर! पहिल्या उन्हाळ्यात म्हातारे शंकरकाका रोज दुपारी "मिरची पाहाले" यायचे आणि क्रेटवर बसायचे.

शेवटी विचारलं, "काका, कशी वाटली मिरची?"

"पाहीन कवा वं पोरी? आत आलं का डोयेच मिटतात!"

*

मिरची पिवळी व्हायला लागली तसा शेजारचा गजूभाऊ धावत आला. "ताई, फवारा मारा! मिरचीले कावीळ झाली!"

मी चार मिरच्या त्याच्या हातात दिल्या. दुसऱ्या सकाळी त्याची बायको शोभा पिशवी घेऊन दारात.

"ताई, अजून कावीळ आहे काय?"

आज पॉलीहाऊस तीच सांभाळते.

*

सासूबाईंना घेऊन सेवाग्रामला दवाखान्यात गेले होते. पॉलीहाऊस तापलं की माझ्या मोबाइलवर अलार्म वाजतो. तो वाजला आणि मी ओरडलेच, "अरे देवा, बेचाळीस!"

नर्स थर्मामीटर घेऊन धावली. "पेशंट कुठं आहे?"

"सेलूला!"

तेवढ्यात शोभाचा फोन. "पॅडचं पाणी अडकलं होतं, सुरू केलं. तुम्ही आईकडे पाहा." मी तिथंच बाकावर बसून रडले. नर्सनं मलाच पाणी पाजलं.

*

आणि हा यंदाच्या मे महिन्यातला. भर दुपारी लाइट गेली. आमचा जनरेटर खोकला आणि बंद! पंखे थांबले की आत भट्टी होते, झाडं माना टाकतात. मी आणि शोभा झाडांवर पाणी मारत होतो, पण मनातून मी पीक सोडून दिलं होतं.

गजूभाऊ गावाकडे पळाला. थोड्या वेळानं ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भलामोठा जनरेटर! पंखे फिरले!

मग कळलं. गावात भीमरावदादांच्या मुलीचं लग्न होतं, आणि मांडवातले सगळे कूलर त्याच जनरेटरवर!

संध्याकाळी मांडवात गेले. नवरी, नवरदेव, पाहुणे, सगळे घामानं निथळत होते. मी हात जोडले. "दादा, पोरीच्या लग्नातला जनरेटर काढून दिलात?"

दादांनी माझ्या हातात जेवणाचं ताट ठेवलं.

"घामानं वऱ्हाड मरत नाई, ताई. मिरची मरते. जेवा आधी!"