सोनेरी खांब

ऑइलपेंटचा वास आला की मला दिल्लीच्या पहाडगंजमधलं आमच्या मराठी मंडळाचं सभागृह आठवतं. ते पाडायचं ठरलं होतं. कितीतरी खेटे घातल्यावर एक अधिकारी, वास्तू जपण्याइतकी जुनी आहे का, हे बघायला यायला तयार झाले. पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही दर गणपतीच्या आधी करतो तेच केलं: भिंतींना पिस्ता रंग, लाकडी खांबांना सोनेरी, दाराला झेंडूचं तोरण. जुन्या फरशीवर टाइल्स तर आधीच बसवलेल्या होत्या. अधिकाऱ्यांनी खांबाला हात टेकला आणि त्यांची बोटं सोनेरी झाली. ती रुमालाला पुसत ते म्हणाले, "अच्छा है जी, पर इसमें पुराना क्या है?" गणपतीत मोदकांचं बघणाऱ्या काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अगं, माणूस घरी येणार, मग कळकट कसं ठेवायचं?" आता तिथे हॉटेल आहे. यंदा दिवाळीआधी नवऱ्याने घर रंगवायचा विषय काढला, तेव्हा मी एवढंच म्हटलं, "राहू दे. जुनं दिसतंय ना, दिसू दे."