निजवणारं कुणी

लावणीच्या दिवसांत इंदुरीची अंबूबाई पहाटे शेजारणीचं दार वाजवायची. शेजारीण पुढचं दार वाजवायची, पुढची त्याच्या पुढचं, आणि उजाडायच्या आत अख्खी आळी खाचरात उतरायची. सगळ्यांआधी उठणारी अंबूबाई झोपायची मात्र सगळ्यांनंतर. "आता नीज" असं कुणी म्हटलं, तर त्याची खैर नसायची.

आता तिच्या आतड्यात गाठ निघाली. तळेगावात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सुनेला, इंदिराला, तिनं दरडावून विचारलं, "सोपं करून सांग. ही कशापायी वाढती?"

"आई, पेशीत एक चिमुकलं प्रथिन असतं. बाहेरून निरोप आला, की ते जीटीपी नावाचा कण धरून जागं होतं. ते काइनेज नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला उठवतं, ते पुढच्याला, तुमच्या आळीसारखंच. शेवटी पेशीला वाढायचा हुकूम पोचतो. मग पहिलं प्रथिन तो कण तोडून झोपी जातं. तुमच्या गाठीतलं झोपतच नाही. निरोप नसला तरी उठवत सुटतं."

"त्याला निजवनारं कुनी न्हाई व्हय?"

"असतं. पण हे त्याचंही ऐकत नाही."

अंबूबाईनं पोटावरून हात फिरवला.

"दमत असंल गं ते बी," ती म्हणाली.