तात्यांचे मिटलेले डोळे

बीडमध्ये एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी समोर माणूस बसवून चित्रं काढली जातात. नाव नोंदवावं लागत नाही. ज्याला वाटेल त्याने यावं, काढावं, जावं. निवृत्त झालेले एक चित्रकला शिक्षक हे चालवतात. त्यांचा नियम एकच: मोबाइल बंद करून दारातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. मॉडेलनेसुद्धा.

त्या हिवाळ्यात मॉडेल होते चौसाळ्याचे तात्या. अडत बाजारात त्यांनी आयुष्यभर पोती वाहिली होती. खांदे आणि पाठ अशी, की शिक्षक त्यांना सदरा काढायला लावत. धोतर नेसून, उघड्या अंगाने, भिंतीला टेकून ते बसत. खिडकीचा उजेड तोंडावर आला की डोळे मिटून घेत. घरी बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की बीडला बसायचं काम मिळालंय. ती समजली, राखणदारी असेल. खरं सांगायची त्यांना लाज वाटे.

"म्हातारपनी अंग दाखवाया जातो म्हनल्यावर घरात घील का ती?" ते म्हणायचे.

आमच्यात एक औषध दुकानदार यायचा. तोही चौसाळ्याचा. एका रविवारी त्याने कोळशाने काढलेलं तात्यांचं चित्र चांगलं उतरलं होतं. पुढच्या रविवारी हॉलच्या पायऱ्या चढता चढता त्याने त्या चित्राचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं 'आमचे तात्या', आणि आभार म्हणून जोडलेल्या हातांचं चिन्ह. मग मोबाइल बंद करून डब्यात टाकला.

काळंपांढरं चित्र. उघडं अंग, मिटलेले डोळे, जोडलेले हात. आमच्या भागात अशा मजकुराचा अर्थ एकच होतो. अंघोळ घालायला दारात टेकवून बसवलेला देह अनेकांनी पाहिलेला असतो.

बैठक संपल्यावर दुकानदाराने मोबाइल सुरू केला आणि तसाच तात्यांपुढे धरला. ग्रुपवर श्रद्धांजलीच्या ओळीखाली ओळी होत्या. तात्यांनी घरी फोन लावला. पलीकडे पुतण्या होता.

"कोन बोलतंय?"

"मी बोलतोय रं. तुझा चुलता."

पुतण्याने फोन कापला. पुन्हा लावला तेव्हा कुणी उचलला नाही.

माझ्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. महामार्गावर तात्या एकदाच बोलले. "तिला खरं वाटलं आसंल का?" दुकानदार ग्रुपवर 'तात्या जिवंत आहेत' लिहीत होता; त्याखालीही श्रद्धांजल्याच येत होत्या.

दारात माणसं जमली होती. बांबू आले होते, एक जण तिरडीसाठी सुतळी सोडवत होता. तात्या गाडीतून उतरले तसं बोलणं थांबलं. कुणी पुढे आलं नाही. सुतळीवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तात्या, मंग आता ह्ये बांबू परत करू का?"



देह बीडहून निघाल्याचं गावात सगळ्यांना माहीत होतं. ते कुणी सांगितलं, हे मी सवयीने विचारलं. मृत्यूची बातमी दुसरीकडून पक्की केल्याशिवाय लावायची नाही, हे मी वर्तमानपत्राच्या नोकरीत शिकलो. प्रत्येकाने शेजारच्याकडे बोट केलं. शेवटचं बोट आमच्यासोबत आलेल्या दुकानदाराकडे आलं. त्याने तसं काही लिहिलंच नव्हतं.

आत तात्यांची बायको भिंतीशी बसली होती. कपाळ पुसलेलं. हात मोकळे. उंबऱ्याजवळ हिरव्या काचा झाडून एका कोपऱ्यात केल्या होत्या. मनगटावर एक ओरखडा होता, त्यातून अजून थोडं रक्त येत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. उठली नाही.

"मी हाय," तात्या म्हणाले.

"दिसतंय."

एक शेजारीण धावत जाऊन बांगड्या घेऊन आली. "अक्का, हात करा हिकडं. आमच्याकडून चूक झाली."

तिने हात पदरात घेतले. "चित्र बघितल्या बघितल्या चौघीजनींनी धरलं मला. मी म्हनत व्हते, फोन लागूंद्या."

"फोन बंद व्हता, अक्का."

"मंग थांबायचं व्हतं."

शेजारीण बांगड्यांचा कागद हातात धरून उभी राहिली. बाकीच्या दोघी-तिघी मागच्या दाराने निघून गेल्या. मी बाहेर आलो. अंगणात तोपर्यंत बांबू उचलले गेले होते, आणि पुतण्या दुकानदाराला हळू आवाजात शिव्या देत होता.

पुढच्या रविवारी तात्या येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते आले, मागून ती आली. तिने आधी ते चित्र मागितलं. बराच वेळ पाहिलं.

"डोळे कावून मिटलेस रं?" तिने दुकानदाराला विचारलं.

"तात्या तसंच बसलते, काकू."

"आता उघडे काढ."

तात्यांनी सदरा काढला. तिने मान वळवली नाही. स्टूल ओढून ती खिडकीखाली बसली, त्यांच्या अगदी समोर. त्यांचा मोबाइल तिच्या मांडीवर होता, चालू. शिक्षकांनी डब्याचा विषय काढला नाही.

दुकानदाराने नवा कागद लावला. उजेड तात्यांच्या तोंडावर येत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पापण्या खाली यायला लागल्या की ती मोकळा हात उचलायची आणि म्हणायची, "आवं."

ते डोळे उघडत.