मामांनी न पाहिलेलं गाव

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या एका लहानशा गावाविषयी माझ्या मामेसासऱ्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या गावच्या महापौरालाही नसेल. मामांनी ते गाव पाहिलेलं नव्हतं. त्यांची एकुलती मुलगी तिथे राहत होती आणि त्यांनी सगळी हयात भंडाऱ्याकडच्या शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली होती, एवढं भांडवल त्यांना पुरेसं होतं. आपण 'किनाऱ्यावरचं गाव' म्हटलं की ते हातातला चहा खाली ठेवून दुरुस्ती करायचे. "किनाऱ्यावर नाही, सूनबाई. किनाऱ्याजवळ. मधात खाजण हाये." मग ते खाजण, म्हणजे ती खारी दलदल, किती रुंद, भरतीचं पाणी नदीतून किती आत येतं, गावाची जुनी वस्ती उंचावर का आणि नवी घरं सखल भागात का, हे सगळं झाल्यावरच चहा पुन्हा उचलला जायचा.

खरं तर मामा आमच्याकडे, आयर्लंडमधल्या नास गावाला, फक्त पंधरा दिवसांसाठी आले होते. दोन हजार वीसचा मार्च होता. माझ्या मामेनणंदेचं बाळंतपण मेमध्ये होतं. मामी ती बारावीत असतानाच गेल्या होत्या, त्यामुळे बाळंतपणाला जाईन तो मीच, असं मामांनी ठरवलं होतं. डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः वळून आणले होते. जरा कडक झाले होते, पण आणले होते. वाटेत भाच्याकडे थांबावं आणि पुढे जावं असा बेत. त्यांची बॅग पुरती उघडायच्या आतच अमेरिकेने दार लावून घेतलं, मग आयर्लंडने सगळ्यांना घरात बसवलं. पुढे भारतात परत जायची विमानं सुरू झाली, पण मामा जायला तयार होईनात. इथून निदान निम्मा रस्ता तरी कापलेला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. व्हिसाच्या मुदती सरकारच वाढवत गेलं आणि पंधरा दिवसांचे वीस महिने झाले.

मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्या काळात मी घरी फक्त आंघोळीला आणि झोपायला येत असे. नवऱ्याचं डब्लिनचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडलेलं. त्यामुळे मामांना बोलायला माणूस म्हणजे कुंपणापलीकडच्या शेजारीणबाई. पंचाहत्तरीच्या, एकट्या. मामा कुंपणाशी उभे राहून आपल्या शाळेतल्या इंग्रजीत त्यांना त्या गावाचं हवामान समजावून सांगत आणि बाई दर वाक्याला "ग्रँड, ग्रँड" म्हणत. इथे त्याचा अर्थ 'ठीक आहे' इतकाच होतो. मामांनी त्याचा अर्थ 'पुढे बोला' असा घेतला. इथल्या कपाटाला प्रेस म्हणतात हे त्यांना त्या बाईंकडूनच कळलं. त्याआधी नवऱ्याने त्यांना "तांदूळ प्रेसमध्ये आहेत" असं सांगितलं होतं, तेव्हा मामा बराच वेळ इस्त्रीपाशी विचार करत उभे होते. पुढे त्याच प्रेसच्या दाराला आतून त्यांनी त्या गावाचा नकाशा चिकटवला. तूरडाळ काढायला गेलं की आधी नदी, पूल, चर्च, अग्निशमन केंद्र दिसायचं आणि मग डाळ.

ही सगळी माहिती ते मुलीकडूनच घेत. रोज दुपारी साडेबाराला व्हिडिओ कॉल. तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात. कोपऱ्यावरचं घर विकलं गेलं का, शाळेची बस कुठून वळते, पुलाखाली पाणी कुठवर आलं. गावची लोकसंख्याही त्यांच्या ताब्यात होती. मेमध्ये नात झाली त्या दिवशी त्यांनी पेढ्यांऐवजी शिरा केला आणि नकाशाच्या कोपऱ्यातला आकडा खोडून एकाने वाढवला. जूनमध्ये मुलीच्या गल्लीतले एक आजोबा साथीत गेले, तेव्हा तो पुन्हा खोडला. त्या दिवशी ते कुंपणाशी गेले नाहीत.

जानेवारीत बाळासाठी स्वेटर पाठवावा म्हणून मी नणंदेला पत्ता विचारला, तेव्हा तिने भलत्याच शहराचा पत्ता दिला. मग कळलं की सप्टेंबरातच त्यांनी ते गाव सोडलं होतं. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि ते दूर आत, एका मोठ्या शहरात दिराच्या घरी राहायला गेले होते. गावच्या बातम्या ती जुन्या शेजारणीला मेसेज करून मिळवायची आणि मामांना सांगायची. मी म्हटलं, अगं, सांगून टाक, ते समजून घेतील.

"वहिनी, आई गेल्यापासून बाबा माझ्याशी फोनवर दोन मिनिटं बोलायचे. जेवलीस का, बरी आहेस का, ठेवतो. आता अर्धा अर्धा तास बोलतात. गाव संपलं तर ते माझ्याशी काय बोलतील?"

ते गुपित घेऊन मी महिनाभर वावरले. दुपारी घरी असले की फोनच्या वेळी मी वरच्या मजल्यावर जाऊन बसायची.

फेब्रुवारीत एका रविवारी मी मामांबरोबर कालव्याकाठी फिरायला गेले होते. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला तेव्हा बंदी होती, त्यामुळे सगळं नास तिथेच फिरत होतं. मामा पुलाच्या रंगकामाविषयी बोलत होते, तिकडच्या पुलाच्या. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, मामा, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"मले ऑक्टोबरपासून माहीत हाये," ते म्हणाले. "साडेसातला तिथं लख्ख उजेड पाहिजे, बाप्पा. तिच्या मागच्या खिडकीत काळोख असते. म्हणजे तिथं साडेसहा झालेत. पोरगी पश्चिमेकडं सरकली."

"मग रोज त्या पुलाचं विचारता कशाला?"

ते थोडं चालले.

"माझ्याशी बोलायसाठी ती रोज तासभर आधी उठते, सूनबाई. तान्हं लेकरू घेऊन. तिले काय म्हणू मी?"

पुढच्या दिवशी साडेबाराला त्यांनी नेहमीसारखा फोन लावला आणि शाळेच्या बसचं विचारलं.

दोन हजार एकवीसच्या नोव्हेंबरात अमेरिकेने दार उघडलं. तिकीट काढायची वेळ आली तेव्हा मात्र नणंदेला सांगावंच लागलं. फोनवर ती आधी रडली, मग म्हणाली, बाबा, आम्ही तिथे राहत नाही. मी स्वयंपाकघरात होते. मामांनी आश्चर्याचा अभिनय केला. तो इतका वाईट होता की नवऱ्यानेही लॅपटॉपवरून मान वर केली. "असं? कधी?" ते म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "तिथं नदी कोणती हाये?" पलीकडे ती रडता रडता हसली. नंतरचा पाऊण तास त्या नदीचा होता.

विमानतळावर सोडायला आम्ही दोघं गेलो होतो. शेजारीणबाईंनी त्यांना घरचा सोडा ब्रेड बांधून दिला होता. तो त्यांनी हातातल्या पिशवीत, नातीच्या स्वेटराशेजारी ठेवला. दहा दिवसांनी नणंदेचा व्हिडिओ कॉल आला, तिच्या खऱ्या साडेसातला. ती फोन फिरवून दाखवत होती. मामा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले होते आणि नात त्यांच्या छातीवर. काल दिवसभर बाबांनी काही विचारलं नाही, ती कुजबुजली, नुसते माझ्या मागे मागे या खोलीतून त्या खोलीत येत होते.

ते गाव आमच्या घरातल्या कुणीच डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि आता तिथे आमचं कुणी राहतही नाही. तरी त्या किनाऱ्यावर वादळ येणार अशी बातमी लागली की मी हातातलं काम सोडून ऐकते. पाणी खाजणापर्यंतच थांबावं असं मनात येतं.